दुसरी फळी : बाप्तिस्म्यानंतरच्या पापांच्या क्षमेचा इतिहास

ख्रिस्ती धर्मात पापक्षमेचे पहिले दार म्हणजे बाप्तिस्मा. पाण्यातून वर येणाऱ्या माणसाची तोवरची सगळी पापे धुतली गेली, जुना हिशेब मिटला, याबद्दल आरंभीच्या मंडळ्यांत दुमत नव्हते. वाद सुरू झाला तो दुसऱ्या दिवसापासून. बाप्तिस्मा घेतलेला माणूसही खोटे बोलतो, व्यभिचार करतो, रागाच्या भरात कुणाचा जीव घेतो, स्वतःच्या जिवाच्या भीतीने श्रद्धा नाकारतो. त्याचे काय करायचे? बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देता येत नाही. नव्या करारातील इब्री लोकांस पत्र सांगते की ख्रिस्ताचे अर्पण एकदाच झाले आणि ते कायमचे पुरेसे आहे. तेच पत्र असेही बजावते की प्रकाश पाहून मागे फिरलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य. पश्चिमेकडील ख्रिस्ती जग पुढे कित्येक शतके या दोन वचनांमध्ये हेलकावे खात राहिले. देव क्षमा करतो का, हा प्रश्न कधीच फारसा वादाचा नव्हता. मिळालेल्या क्षमेवर माणसाने निर्धास्त विसंबावे का, हा प्रश्न मात्र सुटता सुटला नाही.

रोममध्ये दुसऱ्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने एक मधली वाट काढली. बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची आणखी एक संधी आहे, पण एकच. सन २०३ च्या सुमारास कार्थेजचा लेखक टर्टुलियन याने या संधीला जे रूपक दिले ते पुढे तेराशे वर्षे वापरात राहिले. जहाज फुटल्यावर बुडणाऱ्याच्या हाती लागावी अशी फळी, असे त्याने पश्चात्तापाचे वर्णन केले. ही फळी हाती येणे सोपे नव्हते. पापी माणसाने गोणपाट नेसायचे, अंगावर राख घ्यायची, उपास करायचे, रात्रंदिवस रडायचे, मंडळीच्या वडिलांपुढे लोटांगण घालायचे आणि सर्व बंधुजनांना आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनवणी करायची. हे सगळे चारचौघांत, उघड्यावर. लाजेपायी अनेक जण हे टाळतात, अशी तक्रार टर्टुलियननेच नोंदवली आहे. उतारवयात कडक शिस्तीच्या माँटानस पंथाकडे झुकल्यावर तर त्याने मूर्तिपूजा, खून आणि व्यभिचार ही पापे क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाहीच, अशी भूमिका घेतली. त्याला निर्दय ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या मंडळीतले लोक श्रद्धेसाठी रिंगणात जनावरांपुढे टाकले जात होते, त्या मंडळीला पावित्र्य स्वस्त होऊ द्यायचे नव्हते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

या नियमांची खरी परीक्षा सन २५० मध्ये झाली. सम्राट डेसियसने फर्मान काढले की साम्राज्यातील प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा, त्याचे मांस चाखावे आणि स्थानिक समितीकडून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. मजकूर ठरावीक : अर्जदाराचे नाव आणि गाव, आपण नेहमीच देवांना मानत आलो असून आताही समितीसमोर अर्पण केले असे निवेदन, खाली अधिकाऱ्यांची साक्ष आणि तारीख. रोमचा बिशप फाबियन जानेवारी २५० मध्येच मारला गेला. कार्थेजचा बिशप सिप्रियन भूमिगत झाला. आणि ख्रिस्ती लोक, निदान कार्थेजमध्ये, झुंडीने वेदीपाशी गेले. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, तर काहींनी अधिकाऱ्याच्या हातावर पैसे ठेवून न केलेल्या अर्पणाचा दाखला विकत घेतला.

लाट ओसरली तसे हे लोक परत येऊ लागले. त्यांच्यापाशी एक नवा उपाय होता. छळ सोसूनही न डगमगलेले, तुरुंगात खितपत पडलेले बंधू मंडळीत अतिशय पूज्य मानले जात. त्यांच्याकडून शिफारसपत्र आणले की मंडळीत पुन्हा घेतले जाईल, अशी समजूत पसरली. सिप्रियनच्या पत्रांत याचे तपशील आहेत. अशी पत्रे रोज हजारोंनी वाटली जात होती, आणि काहींवर तर एका माणसाचे नाव घालून ‘व त्याची माणसे’ एवढेच मोघम लिहिलेले असे. त्या शब्दांत किती जण बसवायचे याला धरबंध नव्हता. पश्चात्तापाऐवजी कागद पुढे करण्याचा हा प्रकार पाहून सिप्रियन संतापला. पण हुतात्म्यांच्या सोबत्यांना दुखावणेही त्याला परवडणारे नव्हते. सन २५१ च्या कार्थेज सभेने निवाडा दिला. दाखला विकत घेतलेल्यांना, एकेकाचे प्रकरण तपासून, प्रायश्चित्तानंतर परत घ्यावे. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी आयुष्यभर प्रायश्चित्त करावे आणि मरणाच्या दारात असताना त्यांना प्रभुभोजन द्यावे. लगेचच छळाचे नवे सावट दिसू लागले तेव्हा हाही नियम सैल झाला. उद्या पुन्हा परीक्षेला सामोरे जाणाऱ्यांना आज उपाशी कसे ठेवायचे, असा विचार बिशपांनी केला. क्षमेच्या इतिहासातले बहुतेक मोठे बदल असेच, तत्त्वचर्चेतून न येता माणसांची दैना पाहून झालेले आहेत.

रोममध्ये नोव्हेशियन या विद्वान धर्मगुरूला ही सवलत मान्य नव्हती. बिशप कॉर्नेलियसविरुद्ध त्याने वेगळी चूल मांडली आणि त्याची ‘शुद्धांची’ मंडळी त्याच्यामागे कित्येक शतके टिकली. नायसियाच्या परिषदेने सन ३२५ मध्ये तिच्या लोकांना परत येण्याची वाट ठेवली, ती पतितांना सामावून घेण्याच्या अटीवर. मरणाऱ्या माणसाला शेवटची शिदोरी म्हणून प्रभुभोजन नाकारायचे नाही, हा नियमही त्याच परिषदेने पक्का केला.

चौथ्या शतकात प्रायश्चित्ताला शिस्तीचे चौकटबद्ध रूप आले. आशिया मायनरमध्ये पश्चात्तापी लोकांच्या चार पायऱ्या होत्या : दाराबाहेर रडणारे, आत येऊन फक्त शास्त्रपाठ ऐकणारे, गुडघे टेकणारे आणि शेवटी सर्वांबरोबर उभे राहणारे, पण प्रभुभोजन न घेणारे. सीझरियाचा बिशप बेसिल याने हेतुपुरस्सर केलेल्या खुनासाठी वीस वर्षे सांगितली आहेत : चार रडण्याची, पाच ऐकण्याची, सात गुडघ्यांवर, चार उभे राहून. व्यभिचारासाठी पंधरा. पश्चिमेत याच्या जोडीला आयुष्यभराची बंधने येत. प्रायश्चित्त केलेल्याला सैन्यात परतता येत नसे, धर्मगुरू होता येत नसे, लग्नावरही बंदी असे. आणि ही संधी एकदाच. सन ३९० मध्ये थेस्सलोनिका येथे आपल्याच सैन्याने केलेल्या कत्तलीनंतर सम्राट थिओडोसियसला मिलानच्या ॲम्ब्रोजने प्रायश्चित्ताला उभे केले, ही या शिस्तीची सर्वांत गाजलेली कथा. सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र वेगळाच परिणाम आला. तो वाट पाहू लागला. तारुण्यातील मोह सरून जाऊ देत, मग बाप्तिस्मा घेऊ; किंवा मरताना प्रायश्चित्त मागू. सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, अखेरच्या आजारात. ऑगस्टीन लहानपणी मरणासन्न झाला तेव्हा त्याचा बाप्तिस्मा ठरला होता, पण तो बरा झाल्यावर पुढे ढकलला गेला, कारण पुढच्या पापांचा डाग अधिक जड पडेल अशी आईला भीती होती. जी व्यवस्था माणसाला पापापासून परावृत्त करण्यासाठी उभारली, तिने त्याला क्षमेपासूनच दूर ठेवले.

हाच ऑगस्टीन पुढे हिप्पोचा बिशप झाला आणि देवाच्या कृपेचा पश्चिमेतील सर्वांत मोठा भाष्यकार ठरला. सन ४३० मध्ये अंथरुणाला खिळला असताना त्याने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचत तो रडत असे, असे त्याचा चरित्रकार पॉसिडियस सांगतो.

क्षमेची खात्री मागणे योग्य की अयोग्य, याचा जुन्या काळातला सर्वांत बोलका दाखला एका पत्रात आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात सम्राज्ञीच्या शयनगृहाची व्यवस्था पाहणारी ग्रेगोरिया नावाची स्त्री होती. आपल्या पापांची क्षमा झाली आहे असे देवाने प्रकट केल्याचे कळवत नाही तोवर मी तुमचा पिच्छा सोडणार नाही, असे तिने रोमला पोप ग्रेगरीला लिहिले. सन ५९७ मधले ग्रेगरीचे उत्तर उपलब्ध आहे. तू मागतेस ते कठीण आहे आणि निरुपयोगीही, असे तो म्हणतो. कठीण अशासाठी की असे दर्शन मिळण्याची माझी योग्यता नाही. निरुपयोगी अशासाठी की पापांबद्दल निश्चिंत होण्याची वेळ अगदी शेवटच्या दिवशी यावी, रडण्याचे बळ उरलेले नसताना. उत्तर मायेने लिहिलेले आहे. ग्रेगरीला ती स्त्री सावध राहायला हवी होती, हताश नव्हे. तरी मध्ययुगाचा सारा कल त्यात उमटला आहे : निश्चिंती धोक्याची, भीती हितकर. ग्रेगोरियाने जे मागितले ते नऊशे वर्षांनी एक जर्मन संन्यासी पुन्हा मागणार होता.

दरम्यान युरोपच्या पश्चिम टोकाला वेगळीच रीत वाढत होती. आयर्लंडच्या मठांत साधू एकमेकांपाशी आपले दोष सांगत आणि उपाय घेत. तेथे उघड्यावरचे प्रायश्चित्त नव्हते आणि ‘एकदाच’ हा नियमही नव्हता. पाप कितीदाही सांगता येई, एकांतात, एका धर्मगुरूपाशी. प्रत्येक पापाला किती प्रायश्चित्त द्यायचे याच्या हस्तपुस्तिका तयार झाल्या. फिनियनची सहाव्या शतकातली, कोलंबानसची, कमियनची सातव्यातली. कमियनच्या पुस्तिकेत दारू पिऊन झिंगलेल्या व्रतस्थाला चाळीस दिवस भाकरी आणि पाणी, तर संसारी माणसाला सात दिवस. सन ५९० च्या सुमारास कोलंबानस समुद्र ओलांडून गॉलमध्ये आला आणि ही रीत मुख्य भूमीवर पसरली. जुन्या वळणाच्या बिशपांना ती रुचली नाही. ५८९ मध्ये तोलेदोच्या परिषदेने, लोक पाप करतात तितक्यांदा धर्मगुरूकडे क्षमा मागतात, अशा शब्दांत वारंवार क्षमा मागण्याचा धिक्कार केला होता. सन ८१३ मध्ये शालोंच्या परिषदेने या पुस्तिका मोडीत काढायला सांगितले, ८२९ मध्ये पॅरिसच्या परिषदेने त्या जाळायला सांगितल्या. काही उपयोग झाला नाही. लोकांना ही रीत हवी होती, कारण तीत परतीची वाट रोज खुली होती.

मापे आली की अदलाबदलही येते. आजारी माणूस वर्षभर उपास करू शकत नसेल तर त्याने काय करावे? आयरिश तक्त्यांत याची उत्तरे आहेत : हात पसरून क्रुसासारखे उभे राहून इतकी स्तोत्रे म्हणावीत, थंडीत रात्रभर जागावे, इतके दान द्यावे. दहाव्या शतकाच्या सुमाराची एक इंग्रजी पुस्तिका श्रीमंतांना सांगते की सात वर्षांचे उपास शेकडो माणसांकडून वाटून करवून घेतले तर तीन दिवसांत उरकतात. आजाऱ्याच्या दयेपोटी निघालेली सवलत धनिकाच्या सोयीची झाली.

बाराव्या-तेराव्या शतकांत या रीतीला तत्त्वज्ञान आणि कायदा दोन्ही मिळाले. सन १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपाशी पापांगीकार करणे बंधनकारक केले. न करणाऱ्याला चर्चमध्ये प्रवेश नाही, मेल्यावर ख्रिस्ती दफन नाही. ऐकलेले पाप फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून कडक मठात जन्मभर प्रायश्चित्ताला ठेवायचे. धर्मगुरूने जाणत्या वैद्याप्रमाणे जखमेवर द्राक्षारस आणि तेल ओतावे, असेही त्याच कलमात आहे. दंड आणि दया यांची अशी सरमिसळ या साऱ्या इतिहासात आहे. याच सुमारास धर्मगुरूच्या तोंडचे शब्दही बदलले. पूर्वी तो, देव तुला क्षमा करो, अशी प्रार्थना करी. आता, मी तुला पापमुक्त करतो, असे म्हणू लागला. क्षमा ऐकू येऊ लागली. हा बदल लहान दिसतो, पण त्या जर्मन संन्याशाने, मार्टिन ल्यूथरने, पुढे ज्याला घट्ट धरले ते हेच वाक्य.

तरीही मन शांत होईना, याला कारण हिशेबाची मांडणी. पापांगीकाराने दोष जातो, अनंत नरक टळतो, पण पापाचा ऐहिक दंड उरतो, अशी शिकवण पक्की झाली. तो दंड इथे भोगावा, नाहीतर मरणानंतर शुद्धिस्थानात. लिओंच्या परिषदेने १२७४ मध्ये शुद्धिस्थानाची शिकवण मांडली, फ्लोरेन्सच्या परिषदेने १४३९ मध्ये. हा उरलेला दंड माफ करण्याचा अधिकार म्हणजे क्षमापत्रांचा उगम. पोप दुसरा अर्बन याने १०९५ मध्ये क्लेरमाँ येथे क्रुसेडला निघालेल्यांचे प्रायश्चित्त माफ केले. आठव्या बोनिफेसने १३०० चे ज्युबिली वर्ष याच माफीसह जाहीर केले. सहाव्या क्लेमेंटने १३४३ मध्ये, ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याचा अखंड ठेवा चर्चपाशी आहे आणि पोप तो वाटू शकतो, हे तत्त्व मांडले. चौथ्या सिक्स्टसने १४७६ मध्ये त्याचा लाभ शुद्धिस्थानातील मृतांपर्यंत नेला. माइन्झ येथे १४५४-५५ मध्ये, गुटेनबर्गचे बायबल पुरे होण्याआधी, सायप्रसच्या रक्षणनिधीसाठी क्षमापत्रे छापली गेली. सगळा मजकूर तयार, फक्त घेणाऱ्याचे नाव आणि तारीख भरायला मोकळी जागा. युरोपात खिळ्यांनी छापलेला पहिला दिनांकित कागद पापक्षमेचा कोरा नमुना असावा, हे त्या काळाच्या भुकेचे मोजमाप आहे.

मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. नियम पाळण्यात तो कुठेच कमी पडला नाही. अडचण पापांगीकारात होती. सगळी गंभीर पापे आठवून सांगायची, तीही देवावरील निर्मळ प्रेमापोटी आलेल्या पश्चात्तापाने, हा नियम. पण सगळी आठवली हे कशावरून? आणि पश्चात्ताप शिक्षेच्या भीतीने झाला नाही हे तरी कशावरून? तो तासन्तास सांगत बसे, उठून जाई, आणि काही राहिले म्हणून परत येई. त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्स याने त्याला स्वतःच्या मनाचा शोध थांबवून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगितले. आपल्याला वाट दाखवली ती श्टाउपिट्सने, असे ल्यूथर आयुष्यभर म्हणत राहिला.

विटेनबर्गच्या विद्यापीठात १५१३ पासून स्तोत्रे आणि मग रोमकरांस पत्र शिकवताना त्याच्या मनात उलथापालथ झाली. देवाचे नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शिक्षा करणारा न्याय, असे तो समजत आला होता. आता त्याला उमगले की त्या पत्राचा लेखक पौल ज्याविषयी बोलतो ते नीतिमत्त्व देव माणसाला दान म्हणून देतो आणि माणूस ते विश्वासाने घेतो. आपल्यासाठी स्वर्गाचे दरवाजे उघडल्यासारखे वाटले, असे त्याने १५४५ मध्ये मागे वळून पाहताना नोंदवले.

क्षमापत्रांचा प्रसंग त्याच्यासमोर आला तो पाळक म्हणून. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने पद मिळवण्यासाठी आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्ज काढले होते. रोमच्या संत पेत्राच्या मंदिरासाठी निघालेल्या क्षमापत्रांची निम्मी वसुली त्या कर्जात जायची होती. दर घेणाऱ्याच्या ऐपतीनुसार होते : राजे आणि आर्चबिशप यांना २५ सोन्याचे गुल्डन, निर्धनाला प्रार्थना आणि उपास. डोमिनिकन प्रचारक योहान टेट्झेल याला सॅक्सनीत शिरकाव नव्हता, म्हणून विटेनबर्गचे लोक सीमेपलीकडे युटरबोगला जाऊन पत्रे आणू लागले आणि पापांगीकाराला येताना ती ल्यूथरला दाखवू लागले. ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मांडलेल्या पंच्याण्णव प्रबंधांतला पहिला म्हणतो की ख्रिस्ती माणसाचे अवघे जीवन पश्चात्तापाचे असावे. छत्तिसावा म्हणतो की खरा पश्चात्ताप झालेल्या प्रत्येकाला दोष आणि दंड या दोहोंतून पूर्ण मुक्ती आहे, पत्र नसतानाही.

शालेय इतिहासात हा झगडा पैशाच्या भ्रष्टाचाराविरुद्धचा म्हणून येतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ऑक्टोबर १५१८ मध्ये आउग्सबुर्गला फुगरांच्याच वाड्यात पोपचा प्रतिनिधी कार्डिनल कायेतान याने ल्यूथरला बोलावले, तेव्हा दोन मुद्दे पुढे ठेवले गेले. एक पुण्याच्या ठेव्याचा. दुसरा असा : पापमोचनाचे शब्द कानी पडल्यावर, आपल्याला क्षमा झाली आहे, असे प्रत्येकाने निश्चित मानलेच पाहिजे, हे ल्यूथरचे म्हणणे. कायेतान हा त्या काळातला सर्वांत व्यासंगी धर्मपंडित. असे शिकवणे म्हणजे नवे चर्च उभारणे होय, असे त्याने टिपून ठेवले. दोघांचे पटले नाही, पण फूट नेमकी कुठे पडणार हे कायेतानने अचूक ओळखले होते. त्याच्या मते संस्काराच्या सामर्थ्याबद्दल शंका नसावी. आपण तो योग्य मनाने घेतला का, ही शंका मात्र कुणालाच पुरती सोडता येणार नाही. ल्यूथरच्या मते ही शंकाच ख्रिस्ताला खोटे ठरवते, कारण क्षमा पश्चात्तापाच्या खोलीवर टेकलेली नसून दिलेल्या वचनावर टेकलेली आहे.

‘चर्चची बाबिलोनी कैद’ या १५२० च्या ग्रंथात ल्यूथर त्या जुन्या रूपकाशी भिडला, जे संत जेरोमने पुढे चालवले होते. बाप्तिस्म्याचे जहाज फुटते आणि मग माणसाला पश्चात्तापाच्या फळीवर तरावे लागते, ही कल्पनाच त्याने धोकादायक ठरवली. जहाज कधीच फुटत नाही. माणूस त्यातून पाण्यात उडी मारतो, पण देवाचे वचन तसेच तरंगत असते. पश्चात्ताप म्हणजे पोहत त्याच जहाजाकडे परत येणे. मागे सांगितलेल्या सगळ्या शतकांची अडचण, बाप्तिस्म्यानंतर काय, ही या एका वळणाने वेगळी झाली : बाप्तिस्म्यात मिळालेली क्षमा संपतच नसेल तर दुसरी शोधायची कशाला? तरी ल्यूथरने खासगी पापांगीकार मोडला नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाने तो कायम ठेवला. फक्त सगळी पापे मोजण्याची सक्ती काढली. दुसऱ्या माणसाच्या तोंडून क्षमेचे शब्द ऐकण्याची गरज त्याला स्वतःलाच शेवटपर्यंत वाटत राहिली, कारण संशयाचे झटके त्याला म्हातारपणीही येत.

त्रेंतच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी उत्तर दिले. क्षमा देवाच्या दयेने, ख्रिस्तामुळे, फुकट मिळते, हे तिने ठासून सांगितले. पण आपल्याला क्षमा झालीच आहे अशा खात्रीने कुणी फुशारू नये; देवाच्या दयेबद्दल शंका नसावी, स्वतःच्या दुर्बलतेकडे पाहून मात्र भय वाटणे साहजिक. पश्चात्तापाला तिने पुन्हा, नाव घेऊन, दुसरी फळी म्हटले. १५५१ मध्ये पापांगीकाराचा संस्कार तपशिलाने मांडला गेला, आणि मिलानच्या कार्लो बोर्रोमेओने जाळीच्या पडद्याची लाकडी पेटी चर्चच्या भिंतीशी आणली. हीच रीत धर्मप्रसारकांबरोबर पूर्वेला आली. गोव्यात जिला कुमसार म्हणतात त्या पापांगीकारासाठी धर्मगुरूला लोकांची भाषा येणे अटळ होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले, जे १६१६ मध्ये छापले गेले. त्याचे कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये राशोलला निघाले.

प्रोटेस्टंट बाजूला खात्री हा विश्वासाचा गाभा ठरला, आणि तिथे वेगळे दुखणे सुरू झाले. खात्री वाटत नसेल तर माझा विश्वासच खोटा आहे का? इंग्लंडमधील प्युरिटन या प्रश्नाने पोखरले गेले. बेडफर्डच्या तुरुंगात असताना जॉन बनियनने लिहिलेल्या, १६६६ मध्ये निघालेल्या आत्मकथनात त्याचा पाना-पानावर पुरावा आहे. ज्येष्ठपणाचा हक्क विकून मग रडूनही तो न मिळालेला एसाव आपणच, या विचाराने त्याने दीर्घ काळ यातना भोगल्या. त्याला आधार मिळाला ल्यूथरच्या गलतीकरांस पत्रावरील भाष्याच्या एका जीर्ण, पाने सुटू लागलेल्या प्रतीतून. जखमी विवेकासाठी बायबल सोडून याहून चांगले पुस्तक नाही, असे त्याचे मत झाले. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात असताना जॉन वेस्लीला, माझी, अगदी माझीच पापे घेतली गेली, असे जाणवले. तो तेव्हा पस्तिशीला आलेला, दीक्षित धर्मगुरू होता. त्याच्यापासून पसरलेल्या मेथडिस्ट चळवळीत क्षमेची जाणीव होणे हा ख्रिस्ती आयुष्याचा ओळखता येण्याजोगा प्रसंग बनला.

हा धागा महाराष्ट्रात पोचला पंडिता रमाबाईंमार्फत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर त्या लहानपणापासून तीर्थयात्रा करत हिंडल्या होत्या. पापक्षालनासाठी स्नाने, उपास, दाने, पुराणे सांगणे हे सारे त्या कुटुंबाने मनोभावे केले. १८७४ मध्ये दुष्काळात आईवडील गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथील अँग्लिकन भगिनी लंडनच्या फुलहॅममध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ज्या मायेने वागवत होत्या, त्याचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला होता. तरी रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगितले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. नेमके काय हवे आहे ते उमगत नव्हते. विल्यम हॅसलम या कॉर्नवॉलच्या धर्मगुरूचे, १८५१ मध्ये स्वतःच्याच प्रवचनात पालट झाल्याची कथा सांगणारे पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि १८९१ च्या सुमारास त्या बिनशर्त, तत्काळ मिळणाऱ्या क्षमेवर येऊन ठेपल्या. काहीही करून पात्र व्हायचे नाही, आहे तसे यायचे. जिने पुण्यासाठी पायपीट करत हिंदुस्थान पालथा घातला होता, तिला हे मान्य करणे किती कठीण गेले असेल याची कल्पना साक्ष वाचताना येते. ही खात्री त्यांनी केवळ स्वतःपुरती ठेवली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा केडगावच्या मुक्ती सदनात होत्या. त्यांपैकी अनेकींना समाजाने पापिणी ठरवले होते. जून १९०५ मध्ये तेथे जे पुनरुज्जीवन झाले त्यात मुली मोठ्याने रडत आपली पापे सांगू लागल्या आणि मग तितक्याच मोठ्याने आनंदाने गाऊ लागल्या. कार्थेजमधले उघड्यावरचे रुदन येथे, कुठल्याही नियमाशिवाय, पुन्हा दिसते. फरक एवढाच की क्षमेसाठी वर्षे मोजावी लागत नव्हती.

विसाव्या शतकात दोन्ही बाजू सरकल्या. पोप सहावा पॉल याने १९६७ मध्ये क्षमादानाची, म्हणजे उरलेला दंड माफ करण्याची, शिकवण नव्याने मांडली. दिवस आणि वर्षे मोजण्याची जुनी पद्धत गेली, क्षमादान मात्र राहिले आणि २०२५ च्या ज्युबिलीतही होते. १९७३ च्या नव्या विधीने पापांगीकाराला समेटाचा संस्कार हे नाव ठळकपणे दिले. समोरासमोर बसून बोलण्याची सोय आली, शास्त्रवाचन आले, आणि क्षमेच्या शब्दांआधी देवाच्या दयेची घोषणा आली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गलाच कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक संघ यांनी नीतिमान ठरवले जाण्याबद्दलच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या त्यात सामील झाल्या. घोषणापत्राचा एक स्वतंत्र भाग तारणाच्या खात्रीविषयी आहे. देवाच्या दयेवर आणि वचनावर विश्वासी माणूस विसंबू शकतो, हे दोघे मिळून म्हणतात. लुथरन, स्वतःकडे न पाहता ख्रिस्ताकडेच पाहावे असे जोडतात. कॅथलिक, ख्रिस्ताच्या क्षमावचनावर शंका घेऊ नये, पण स्वतःची दुर्बलता पाहून तारणाची काळजी वाटू शकते, असे जोडतात. कायेतान आणि ल्यूथर यांच्यात ज्या वाक्यावरून बोलणे तुटले होते, ते वाक्य आता एका कागदावर दोघांच्या टिपणांसह उभे आहे. दुसऱ्या फळीबद्दल, म्हणजे पापांगीकार संस्कार आहे की नाही आणि त्याचा अधिकार कुणाकडे, याबद्दल मात्र त्या घोषणापत्राने काही ठरवलेले नाही. ती चर्चा अजून चालू आहे.